सिस्टरांनी दिलेलं उत्तर

खारूला वर्गात पहिल्यांदा फिट आली तेव्हा मुलं हसत होती. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. खारू नकला करायची. मुख्याध्यापिका चष्मा कपाळावर चढवतात आणि मग तोच चष्मा टेबलभर शोधतात, शिपाईकाका जिना चढताना प्रत्येक पायरीला स्वतःशीच काहीतरी पुटपुटतात, चित्रकलेचे सर दर वाक्याआधी नाक ओढतात, सगळं तिला हुबेहूब यायचं. त्यामुळे चित्रकलेच्या तासाला ती बाकावरून घसरून खाली पडली आणि हातपाय झटकायला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आज हिनं नवीन कोणीतरी पकडलंय. हसणं थांबलं ते तोंडाला फेस आल्यावर. जीभ चावली जाईल या भीतीनं सरांनी हाताला लागला तो रंग ढवळायचा चमचा तिच्या दातांत कोंबला. जिभेला काही झालं नाही. पुढचा एक दात अर्धा तुटला.

खारू हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती घास गिळायचीच नाही, खारीसारखा गालात धरून तासभर हिंडायची, म्हणून बाबानं ठेवलेलं. ते शाळेपर्यंत पोचलं आणि तिथेच रुजलं. आता ती अकरा वर्षांची होती. फिट्स सुरू झाल्याला तीन वर्षं होत आली होती, पण त्या पहाटे यायच्या, झोपेत, घरातल्या घरात. गोळ्या चालू होत्या. शाळेत कोणाला पत्ता नव्हता, कारण बाबानं तसं ठरवलं होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोगद्यात तारांना लोंबकळून काम करणारा माणूस. भीती म्हणून त्याला कशाची नव्हती. पण या एका बाबतीत तो सशासारखा होता. त्याच्या मोठ्या भावाला आकडी यायची. गावभर सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच दादाला कोणी नोकरी दिली नाही, मुलगी दिली नाही, पुढेपुढे तर चारचौघांत कोणी शेजारीही बसवून घेतलं नाही. दादा म्हातारा होईपर्यंत घरात बसून राहिला आणि एक दिवस बसल्या बसल्याच गेला. "लोकांना एकदा कळलं ना," बाबा म्हणायचा, "की माणूस संपतो. उरतो तो आकडीवाला."

चमच्याच्या दिवशी आई कामावर होती. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती गरम रोलरवर काम करायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला जोडीदारीण. ओली चादर ताणून धरायची आणि दोघींनी एकाच वेळी रोलरमध्ये सोडायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते. शाळेचा फोन आला तेव्हा तिनं हातातली चादर तशीच सोडली. ती तिरकी जाऊन गुंडाळली गेली आणि सगळं मशीन बंद करावं लागलं.

संध्याकाळी बाबा मोरीत हाताचं ग्रीस घासत होता. आई दारात उभी राहिली.

"अहो, मी उद्या शाळेत जाऊन सगळं सांगणार आहे."

तो घासतच राहिला.

"लपवलं म्हणून दात गेला," ती म्हणाली. "सरांना माहीत असतं, तर त्यांनी चमचा घातलाच नसता."

"आणि सांगितलंस तर दुसरं काहीतरी जाईल."

"काय जाईल?"

"ते आधी कळलं असतं तर काय हवं होतं," तो म्हणाला, आणि नळ बंद केला. अडवलं मात्र नाही. लेकीचा सुजलेला ओठ त्यानंही पाहिला होता.

मुख्याध्यापिका भल्या होत्या. आधी का नाही सांगितलंत, एवढंच त्या एकदा म्हणाल्या आणि मग तो विषय काढला नाही. चित्रकलेच्या सरांना बोलावून घेतलं. सर आईसमोर मान खाली घालून उभे राहिले. "बाई, मला खरंच वाटलं मी तिला वाचवतोय," ते म्हणाले, आणि नाक ओढलं. आईला त्यांचा राग आला नाही. उलट तिला वाटलं, हाच तर मुद्दा आहे. माणसं वाईट नाहीत, त्यांना माहीत नाही. माहीत करून दिलं की झालं.

ही कल्पना तिचीच. दवाखान्यात फिट्सच्या मुलांचं सगळं बघणाऱ्या एक सिस्टर होत्या. जाडजूड, मोठ्या आवाजाच्या, मुलांना दटावून हसवणाऱ्या. शाळेत येऊन शिक्षकांना आणि पालकांना समजावून सांगाल का, असं आईनं त्यांना विचारलं.

"डॉक्टरांनाच न्या की."

"त्यांना वेळ नाही म्हणतात."

"बरंच आहे. ते बोलायला लागले की लोक पेंगतात," सिस्टर म्हणाल्या. "मी येते. माझ्यापुढे कोणाची पेंगायची छाती होत नाही."

सुट्टीच्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. निम्मा हॉल भरेल असं वाटलं होतं, सगळाच भरला. चमच्याची गोष्ट घरोघर पोचली होती. बाबाही आला, पण बसला नाही. मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला.

सिस्टरांनी छान समजावलं. मेंदूत क्षणभर विजेचा गोंधळ होतो, तो आपला आपण शमतो, हे सांगितलं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, मुलगी वेडी नाही, तिच्या अभ्यासाच्या आड हे येत नाही, हे सांगितलं. "आता कोणी मला सांगा, चमचा घालायचा का?" त्यांनी विचारलं. "नाही," सगळा हॉल म्हणाला, आणि सगळ्यात मोठ्यानं चित्रकलेचे सर. लोक हसले. सरही हसले.

मग कुशीवर कसं वळवायचं ते दाखवायची वेळ आली. सिस्टरांनी एक मोठी बाहुली आणली होती. पहिल्या रांगेतून खारू उठली.

"बाहुली कशाला? मी आहे की."

आईनं तिच्याकडे पाहिलं. सिस्टरांनी आईकडे. आईनं मान हलवली.

खारू सतरंजीवर आडवी झाली आणि डोळे मिटले. खेळाच्या बाई पुढे आल्या. एक हात असा, गुडघा असा दुमडायचा, आणि हलकेच आपल्याकडे वळवायचं, असं सिस्टर सांगत होत्या. बाईंनी तिला वळवलं, डोक्याखाली घडी करून स्वेटर ठेवला. "घड्याळ बघा," सिस्टर म्हणाल्या. "पाच मिनिटांच्या आत थांबली तर नुसतं जवळ बसायचं. नाही थांबली तर गाडी बोलवायची." खारूनं एक डोळा उघडला. "मला तर इथंच झोप लागतेय," ती म्हणाली, अगदी मुख्याध्यापिकांच्या आवाजात. हॉल खळखळून हसला, मुख्याध्यापिकाही. आईनं मागे वळून बाबाकडे पाहिलं. त्यानं हाताची घडी सोडली होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. औषधांचं दुकान होतं त्यांचं. त्यांची मुलगी वर्गात खारूच्या बाकावर बसायची. शांत, सभ्य माणूस.

"एक विचारू? गैरसमज नसावा. यात जीव जाऊ शकतो का?"

सिस्टर थांबल्या. फार नाही, पाणी प्यायला लागेल तेवढंच. त्यांची नजर आईवर आली. त्या क्षणी आईला वाटलं, यांनी नाही म्हणावं. नुसतं नाही म्हणावं आणि पुढे जावं.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "फार फार क्वचित. हजारो मुलांत एखादं. तेही बहुतेक झोपेत, आणि फिट्स आटोक्यात नसल्या, गोळ्या चुकल्या तर. म्हणूनच गोळ्या वेळेवर, झोप पुरेशी. शाळेत बसून अभ्यास केल्यानं काही होत नाही."

त्यानंतर त्या बरंच बोलल्या. सगळं खरं, सगळं धीराचं. पण हॉलनं फक्त 'हो' ऐकलं होतं. माणसं ताठ बसली. कोणी कोणाकडे पाहिना. आणि सतरंजीवर कुशीवर पडलेली खारू हळूच उठून बसली. तिला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ती सिस्टरांकडे बघत होती, मग आईकडे. आई तिच्याकडे बघून हसली, पण ते हसू लेकीनं घेतलं नाही.

नंतर कोणी वाकडं बोललं नाही. याचं आईला पुढे कितीतरी दिवस नवल वाटायचं. भांडायला कोणी समोर आलंच नाही. खारूची जागा दाराजवळ हलवली, कारण काही झालं तर पटकन बाहेर नेता यावं. शेजारी कोणाला बसवलं नाही, कारण झटक्यात दुसऱ्या मुलाला लागायला नको. प्रयोगशाळेत काचा असतात म्हणून त्या तासाला वाचनालयात. जिना नको म्हणून मधल्या सुट्टीत वर्गातच. सहलीच्या जागी नदी होती, म्हणून सहलही नको. चित्रकलेच्या सरांनी आपल्या तासाला तिचं टेबल स्वतःच्या टेबलाला जोडून घेतलं आणि तासभर घड्याळ समोर ठेवून तिच्याकडे बघत राहिले. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारणात काळजी होती.

मग मुख्याध्यापिकांनी आईला बोलावलं. "पालक विचारतात, जबाबदारी कोणाची. मी काय सांगू? घरचं कोणी शाळेत बसलं तर सगळ्यांचाच जीव थाऱ्यावर राहील. थोडे दिवस."

आईनं लाँड्रीत दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळी वर्गाबाहेरच्या बाकावर बसायला लागली. येणारेजाणारे तिला विचारायचे, "आज बरी आहे ना?" मुलं पण विचारायची. आतून गणिताचा आवाज यायचा, आणि दारातून खारूची पाठ दिसायची, ताठ, एकटी. नकला थांबल्या होत्या. एकदा तिनं शिंकताना मान झटकली तर पुढच्या तीन रांगा बाक सरकवून उभ्या राहिल्या. त्यानंतर ती वर्गात हलणंच टाळायला लागली.

खरी गोष्ट आईला उशिरा कळली. खारू झोपत नव्हती. रात्री डोळे मिटून पडायची, कुशीवर, सिस्टरांनी दाखवलं तशी, आणि जागी राहायची. आईनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "ते झोपेत होतं ना. सिस्टर म्हणाल्या."

"अगं, हजारो मुलांत एखाद्याला."

"ते एखादं पण मूलच असतं ना आई."

आईनं तिला जवळ घेतलं. जागरणानं फिट्स वाढतात हे सिस्टरांनीच सांगितलं होतं, आणि झालंही तसंच. आता त्या दिवसाही यायला लागल्या. एक वाचनालयात, एक भर परीक्षेत. दर वेळी सगळ्यांनी शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं. कुशीवर वळवलं, स्वेटर ठेवला, घड्याळ पाहिलं. कोणी चमचा घातला नाही. आणि परीक्षेतल्या फिटनंतर संस्थेकडून सांगणं आलं, की मुलीच्याच हितासाठी तिनं यापुढे घरी अभ्यास करावा, शाळा प्रश्नपत्रिका पाठवेल.

आई दवाखान्यात जाऊन सिस्टरांना भेटली. गर्दी होती. सिस्टर एका हातानं बाळाचं वजन करत होत्या.

"त्या दिवशी नाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" आईनं विचारलं.

सिस्टरांनी बाळ त्याच्या आईकडे दिलं. "उद्या कुठल्या तरी मुलाचं काही झालं असतं आणि तेच गृहस्थ माझ्यासमोर आले असते. मग?"

"माझ्या मुलीची शाळा गेली."

"माहीत आहे मला." त्यांचा मोठा आवाज नेहमीसारखा लागला नाही. "तुम्हीच सांगा, मी खोटं बोलायला हवं होतं?"

आईचं उत्तर हो असं होतं, आणि ते सिस्टरांना दिसत होतं. पुढच्या माणसानं केसपेपर पुढे केला. आई बाजूला झाली.

प्रश्नपत्रिका थोडे दिवस आल्या. मग तिच्या वर्गशिक्षिकेची बदली झाली आणि नव्या बाईंना खारू माहीतच नव्हती. औषधवाल्यांची मुलगी एकदा भेटायला आली. दारातच उभी राहून बोलली, तिची आई खाली थांबली होती. सकाळची कटकट मिटल्यावर, कोणी टक लावून बघत नाही म्हटल्यावर, खारूला हळूहळू झोप यायला लागली. नवी गोळीही लागू पडली. दोन महिने गेले, तीन गेले, फिट नाही. डॉक्टर खूश झाले. आईनं ते ऐकलं आणि तिथून तडक शाळेत गेली.

मुख्याध्यापिकांनी मनापासून आनंद दाखवला. "बघा, घरी किती सुधारली ती. मग आता कशाला पुन्हा छेडायचं?"

आईला तेव्हा कळलं, की लेक बरी झाली तरी ती शाळेबाहेर, आणि आजारी पडली तरी शाळेबाहेर.

"दुसरी शाळा बघू," बाबा म्हणाला. मी सांगत नव्हतो का, असं तो त्या सगळ्या वर्षात एकदाही म्हणाला नाही, आणि आताही म्हणाला नाही. "पण या वेळी तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत," आई म्हणाली.

दुसरी शाळा दोन बस बदलून होती. लहानशी, रंग नुकताच दिलेली. तिथले मुख्याध्यापक तरुण होते, टेबलावर मुलांनी केलेली मातीची जनावरं होती. त्यांनी खारूला वाचायला दिलं, दोन गणितं घातली. तिला ती आली. त्यांनी एक मातीचा हत्ती तिच्या हातात दिला आणि ती तो उलटसुलट करून बघायला लागली.

"हुशार आहे. मग मधे वर्ष का गेलं?"

"हिच्या बाबांच्या कामाच्या जागा बदलल्या," आई म्हणाली. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार सहज आलं.

"तब्येत वगैरे?"

"ठणठणीत."

"मला फिट्स येतात," खारू म्हणाली.

आईनं टेबलाखाली तिचा हात धरला. खारू थांबली नाही. "आता तीन महिन्यांत आली नाही. पण आली तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. ते सोपं आहे."

मुख्याध्यापकांनी आईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मघाचा मोकळेपणाही राहिला नव्हता. विचारून कळवतो, म्हणाले. हत्ती परत मागितला नाही. खारूनंच तो टेबलावर ठेवला.

दोघी बसथांब्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"का सांगितलंस?" आईनं विचारलं.

"नसतं सांगितलं तर तिथं कोणाला काही माहीत नसतं," खारू म्हणाली. "मी पडले असते तर त्यांनी काय केलं असतं?"

हे आईचंच म्हणणं होतं, वर्षापूर्वीचं. बस आली. दोघी चढल्या.

संध्याकाळी बाबानं विचारलं, "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

त्यानं मान हलवली. जेवणं झाल्यावर तो जुनं गणिताचं पुस्तक घेऊन खारूजवळ बसला. अपूर्णांक त्याला जमत होते. दशांशापर्यंत दोघं कसेबसे पोचले, आणि मग त्याला शहराबाहेरच्या कामावर पाठवायला लागले. खारू काही दिवस एकटीच पुस्तक उघडून बसायची. पुढे तेही सुटलं. ती आता वेळेवर झोपते आणि उशिरा उठते, कारण उठून कुठे जायचं नसतं. दर महिन्याला डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, उत्तम. दुसऱ्या शाळेनं अजून कळवलेलं नाही.